बिऱ्हाड की पास?

आपल्या समाजातील एखाद्या मुलाच्या अथवा मुलीच्या हाती मुंबईच्या नोकरीचे नेमणूकपत्र पडले, की घरात आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्नही शिरतो. उपकारस्तुतीची मिस्सा सांगितली जाते, शेजारीपाजारी पेढे पोहोचतात, आणि रात्री जपमाळ आटोपल्यावर वडीलमंडळी विषय काढतात: तेथेच खोली घेऊन बिऱ्हाड करावयाचे, की येथूनच रेल्वेचा पास काढून जावयाचे-यावयाचे? पगाराचा आकडा एका बाजूस, खोलीच्या भाड्याचा दुसऱ्या बाजूस. आणि ज्यांचा आकडा मांडता येत नाही अशा अनेक गोष्टी तिसऱ्या बाजूस.

प्रश्न घरगुती दिसतो, परंतु तो किमान दीडशे वर्षांचा आहे. आपल्याकडील इतिहासाच्या पुस्तकांत किल्ले आहेत, तह आहेत, चर्चच्या स्थापनेची वर्षे आहेत. माणसे पोटासाठी कोठे राहिली आणि तेथे राहण्यासाठी त्यांनी काय मोजले, याला मात्र त्या पुस्तकांत दोन ओळींहून अधिक जागा नाही. पश्चिम किनाऱ्यावरील कॅथलिक समाजांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

एक गंमत आरंभीच सांगावयास हवी. या दोन गावांतील मोठे शहर पूर्वी वसई होते, मुंबई नव्हे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या अंकित बेटे पोर्तुगीजांना दिली आणि पुढील दोनशे वर्षे वसई ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. तटबंदीच्या आत कॅथिड्रल, जेज्वीटांचे कॉलेज, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे मठ आणि फिदाल्गोंचे वाडे उभे राहिले. त्या काळी मुंबईचे बेट गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे भाडेपट्ट्याने होते. पुढे १६६१ च्या विवाहकराराने ते इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले आणि १६६८ मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले. वर्षाचे भाडे अवघे दहा पौंड! मुंबईत भाडे इतके स्वस्त पुन्हा कधी झाले नाही.

त्याच वैभवशाली वसईत संत गोन्सालो गार्सिया जन्मले. त्यांची चित्रे आपल्या घराघरांत आहेत, पण तरुणपणी ते जपानला गेले होते, हे आपण सहसा आठवत नाही. व्यापारात बस्तान बसल्यावर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, पुन्हा जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी प्राण अर्पिले. वसईच्या माणसाला गाव सोडवत नाही असे जे बोलले जाते, त्याला वसईचा पहिला संतच अपवाद आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला पडला. पोर्तुगीज सरदार व त्यांचे कुटुंबकबिले निघून गेले. शेतकरी मात्र राहिले. केळीची वाडी, पानवेलीचा मांडव, बावखल आणि रहाट गलबतात घालून नेता येत नाहीत. आजच्या वसईतील कॅथलिक समाज हा मुख्यत्वे या मागे राहिलेल्यांचा वंश आहे. आपल्या निर्णयांवर जमिनीची जी पकड दिसते, तिचे मूळ आम्हांस येथे दिसते.

दरम्यान मुंबई वाढू लागली होती. १६६९ पासून गव्हर्नर जेराल्ड ऑंजिए याने निरनिराळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना तेथे वसण्यास उत्तेजन दिले. पण खरी वाढ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापाराने शहरात पैशाचा पूर आणला. १८६४ च्या शिरगणतीत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. १९११ पर्यंत ती पावणेदहा लाखांच्या पुढे पोहोचली आणि त्यांतील दहांपैकी आठ माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. ही सारी माणसे राहत कोठे? त्याच शिरगणतीचे उत्तर असे, की दोन तृतीयांश लोकांचे घर म्हणजे एक खोली. त्या खोलीत किती कुटुंबे होती, हा आणखी निराळा विषय.

गोव्याच्या कॅथलिकांनी या एका खोलीलाच संस्थेचे रूप दिले, आणि ती कहाणी जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. बार्देश व सासष्टीतील कुटुंबे मोठी, जमीन थोडी आणि नोकऱ्या दुर्मीळ. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्यात रेल्वे आली, ब्रिटिश हिंदुस्थानाशी दळणवळण वाढले आणि मुंबईची वाट आणखी रुंदावली. स्वयंपाकी, बटलर, शिंपी, वाजंत्री आणि मुख्यत्वे आगबोटींवरील खलाशी म्हणून गोवेकर मुंबईत येऊ लागले. बोटीवरचे काम करारापुरते. एक बोट सुटली की दुसरी मिळेपर्यंत शहरात पडून राहावे लागे. भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणे परवडणारे नव्हते, आणि खाणावळ-लॉजमध्ये पगाराबरोबर सदाचारही संपण्याची भीती होती.

म्हणून एकेका गावच्या लोकांनी मिळून खोल्या घेतल्या. कोकणीत खोलीला कूड म्हणतात. तेच नाव संस्थेला पडले. इंग्रजीत तिला क्लब म्हणत. मात्र क्लब म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते त्यातले तेथे काही नव्हते. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत अशा शेकडो कुडी झाल्या. प्रत्येक कूड एका गावाची. सभासदत्व त्या गावच्या माणसालाच. भिंतीकडेने ओळीने मांडलेल्या पेट्या: ज्याची पेटी तेथे आहे, त्याचे मुंबईत घर आहे. रात्री चटया पसरल्या जात. एका भिंतीशी वेदी, तिच्यावर गावच्या आश्रयदात्या संताची मूर्ती आणि समोर तेवता दिवा. सायंकाळच्या जपमाळेला जो कोणी खोलीत असेल त्याने उभे राहिलेच पाहिजे, असा नियम. गावच्या सणाचा दिवस कुडीतही साजरा व्हायचा. महिन्याची वर्गणी बेकाराला पेलेल इतकी. गावी पैसे धाडावयाचे, पत्र लिहून घ्यावयाचे, आजाऱ्याला इस्पितळात न्यावयाचे, मेलेल्याला माती द्यावयाची, ही सारी कामे कुडीची. गिरणगावात रत्नागिरीच्या गाववाल्यांच्या सामाईक खोल्या होत्या, त्यांचीच ही ख्रिस्ती बहीण.

कूड ही आपल्या समाजाच्या बुद्धीची आणि श्रद्धेची मोठी निर्मिती होय, यात शंका नाही. महागड्या शहरात गरिबाने आपला मान आणि धर्म कसा सांभाळावा, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. तथापि, तिचे गुणगान गाताना एक गोष्ट आपण विसरतो. बहुतेक कुडी पुरुषांच्या होत्या. बायको, मुले, म्हातारे आईबाप गावी. कुडीची वर्गणी स्वस्त होती, कारण उरलेला खर्च गावात राहिलेली स्त्री सोसत होती: शेत तिने पाहावयाचे, मुले तिने वाढवावयाची, कर्जाच्या तारखा तिने लक्षात ठेवावयाच्या, आणि नवऱ्याचे तोंड वर्षादोन वर्षांतून पाहावयाचे. कोकणी तियात्राचा जन्मही मुंबईतला. १८९२ मध्ये ‘इटालियन भुर्गो’ हे पहिले तियात्र येथे रंगमंचावर आले. घरापासून तुटलेल्या माणसांच्या शहरात या कलेला प्रेक्षक कमी पडले नाहीत, यात नवल नाही.

आणि तुटणे किती खरे असू शकते, हे १९५५ मध्ये दिसले. गोव्याच्या मुक्तीच्या प्रश्नावरून भारत व पोर्तुगाल यांचे संबंध बिघडले, सरहद्द बंद झाली, रेल्वे थांबली. रात्रभराच्या प्रवासाचे गाव परदेशाहून दूर झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत कित्येक घरांतील बाप आणि मुले यांच्यामध्ये परवान्याचा कागद उभा होता. कूड हे तात्पुरते ठिकाण, घर गावी, असे मानून आयुष्य बेतलेल्या माणसाला तात्पुरत्याचे कायम कसे होते, हे त्या सहा वर्षांनी शिकविले.

मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, म्हणजे गिरगावची खोताचीवाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचे रानवर, चिंबई, पुढे कोळे-कल्याण, मरोळ, आंबोली येथील लोक, यांना शहरात जावे की नाही हा प्रश्नच पडला नाही; शहरच त्यांच्याकडे चालत आले. गोवेकर व मंगळूरकर नोकऱ्यांसाठी येऊ लागल्यावर आपण येथलेच आहोत हे सरकारला ठासून सांगावे लागले, आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे घेतले. स्वतःच्या गावात राहून परक्या कंपनीची आठवण देणारे नाव घ्यावे लागणे, यात एक करुण विनोद आहे. असो.

या वाढत्या शहराला १८९६ मध्ये मोठा हादरा बसला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात रोगी पाहून डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. १८९१ मध्ये सव्वाआठ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये पावणेआठ लाखांवर उतरली. ज्यांचे गाव होते ते गावी गेले. पगार बुडाला, पण जीव वाचला. ज्यांनी गावचे दार कायमचे लावून घेतले होते, त्यांना उपनगरांकडे वळण्यावाचून मार्ग नव्हता. वांद्रे, सांताक्रूझ, पलीकडे अंधेरी येथील ख्रिस्ती वस्तीच्या वाढीस या साथीने चालना दिली. एका खोलीत आठ-दहा माणसे राहिली तर काय होते, हे सरकारलाही कळले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले आणि पुष्कळ जुनी घरे पाडली. नवी घरे ज्यांना परवडली, त्यांत पाडलेल्या घरांतले लोक थोडेच होते.

येथे आपण १९१८ या वर्षापाशी क्षणभर थांबू. महायुद्ध संपत आलेले, महागाई भडकलेली, घरभाडी इतकी चढलेली की सरकारला त्याच वर्षी मुंबईसाठी भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॅथलिक समाजात दोन सहकारी संस्था जन्मल्या. एक वांद्र्यास: सालसेत कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी. तिच्यामागे एफ. ए. सी. रिबेलो या मंगळूरकर गृहस्थांची खटपट होती. नोकरदार कॅथलिक कुटुंबांनी मिळून जमीन घ्यावी, हप्त्याने घरे बांधावी आणि बायकामुलांसह शहरात स्थिर व्हावे, हा तिचा हेतू. दुसरी वसईत, पापडीस: बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी, मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी स्थापिलेली, जी पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली. शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवून त्याची वाडी त्याच्याच नावावर ठेवावी, हा तिचा हेतू.

एक संस्था शहरात राहता यावे म्हणून. दुसरी गाव सोडावे लागू नये म्हणून. साधन दोघींचे एकच: थोडे थोडे भांडवल आणि एकमेकांवरचा विश्वास. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराला कुटुंब पोसण्याइतका पगार मिळावा व त्यातून बचत करून त्याने थोडी मालमत्ता जोडावी, असे सांगितले होते. मायभूमीत सन्मानाने जगण्याचे साधन असेल तर कोणी तिला सोडून परक्या भूमीत जाणार नाही, असाही त्यांचा अभिप्राय होता. पापडीच्या आणि वांद्र्याच्या या संस्था जणू त्या शिकवणुकीचे दोन पाठ. वांद्र्याच्या संस्थेत शिरण्यासाठी मात्र महिन्याचा नियमित पगार लागत असे. पापडीच्या संस्थेस शेतकरी चालत असे. दोन्ही समाजांच्या पुढील शंभर वर्षांचा फरक या एका अटीत बराचसा सामावला आहे, असे आमचे मत आहे.

आता वसईच्या उत्तराकडे वळू. ते तिसरे उत्तर आहे आणि ते रेल्वेने शक्य केले. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची लाइन १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत लोकलगाडी सुरू झाली. सकाळी एक गाडी मुंबईस जाई, सायंकाळी परत येई. तोवर वसईची भाजी, केळी, पाने मचव्यांतून खाडी-समुद्राच्या वाटेने जात. वाऱ्याची मर्जी फिरली की माल कोमेजे. आता पहाटे तोडलेली भाजी दुपारपूर्वी मुंबईच्या बाजारात पोहोचू लागली. डोक्यावर टोपली, कमरेला लुगड्याची घट्ट गाठ आणि गळ्यात जपमाळ, अशा आपल्या आज्या-पणज्या वसईतून मुंबईस नियमित जाणाऱ्या पहिल्या कामकरी माणसांपैकी होत. कारकुनी करणारी त्यांची नातवंडे पुढे आली. वसईने मुंबईचा रस्ता पास हाती घेऊन नव्हे, टोपली डोक्यावर घेऊन शिकला, हे ध्यानात ठेवलेले बरे.

पुरुष नोकरीसाठी जाऊ लागले तेव्हाही आरंभी काही जण आठवडाभर मुंबईत नातेवाइकाकडे राहत व शनिवारी घरी येत. चित्र पालटले ते विजेच्या गाड्यांनी. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण झाले, १९३६ मध्ये ते विरारपर्यंत पोहोचले. चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटरचे अंतर आता रोज कापता येऊ लागले. शाळेत शिकून गोदीत, रेल्वेत, छापखान्यात, बँकेत लागलेला वसईकर सकाळी कचेरीत आणि रात्री वाडीत, असे दुहेरी आयुष्य जगू लागला. पहाटे चारला उठून झाडांना पाणी सोडावयाचे, मग गाडी गाठावयाची; रविवारी मिस्सेनंतर केळीचे लोंगर उतरवावयाचे. पगाराने मुलांच्या शाळेचा खर्च निघे आणि वाडीने घर चाले.

स्वातंत्र्यानंतर हे उत्तर अधिकच शहाणपणाचे ठरले, आणि त्याचे कारण एक कायदा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. आधीपासून खोलीत असलेल्या भाडेकरूला त्याने मोठे संरक्षण दिले, हे निःसंशय. त्याने असंख्य गरीब कुटुंबे वाचविली. पण नव्याने येणाऱ्याचे काय? भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे मालकांना परवडेनासे झाले, रिकामी खोली मिळेनाशी झाली आणि मिळालीच तर तिच्यासाठी पागडी मागितली जाऊ लागली. महिन्याचे भाडे हॉटेलातल्या चहापाण्याएवढे आणि पागडी मात्र काही वर्षांच्या पगाराएवढी, अशी उफराटी स्थिती. पागडी घेणे बेकायदेशीर, म्हणून तिची पावतीही नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने ती अखेर कायदेशीर ठरविली. तोवर तीन पिढ्यांनी ती मुकाट्याने भरली होती.

या पागडीपुढे रेल्वेचा महिन्याचा पास किती क्षुल्लक! वसईचा तरुण गणित मांडी आणि पास काढी. पैशाच्या हिशेबात त्याचे काही चुकत नसे. पण पैशाच्या हिशेबात न येणारी बाजू कूड सांगताना आम्ही जशी दाखविली, तशी ती येथेही दाखविली पाहिजे. एका बाजूचा प्रवास सव्वा ते दीड तास. घरापासून स्टेशन आणि स्टेशनापासून कचेरी धरली तर दिवसाचे चार-साडेचार तास. तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाची जागेपणीची चार-पाच वर्षे डब्यात उभ्याने गेली. बाप निघे तेव्हा मुले झोपलेली, परते तेव्हा झोपण्याच्या बेतात. जपमाळेच्या वेळी घरात आई आणि आजी. बाप भाईंदरच्या खाडीपुलावर. डब्यातली भजनीमंडळे, पत्त्यांचे अड्डे, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना जाणारे ‘गाडीचे मित्र’, हा सगळा जिव्हाळा खरा आहे. तो घराच्या वाट्यातून काढून दिलेला होता, हेही खरे आहे. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा घरी परतणाऱ्यांवरच घाला पडला.

स्त्रिया परिचारिका, शिक्षिका, टंकलेखिका म्हणून बाहेर पडल्या तेव्हा भार दुप्पट झाला. पुरुषाच्या डब्यातला डबा कोणी तरी भरून दिलेला असे. तिला स्वतःचा, नवऱ्याचा आणि मुलांचाही भरून मग गाडी पकडावयाची. परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन भाजी निवडणाऱ्या बायका पाहून हसणारे पुष्कळ. ती भाजी घरी गेल्यावर निवडण्यास वेळ नसतो, हे जाणणारे थोडे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची गाडी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. १८६७ च्या टोपलीवालीपासून मोजले तर या मान्यतेला सव्वाशे वर्षे लागली.

मग कोणाचे उत्तर बरोबर? ज्यांनी वांद्रे-माहीमकडे बिऱ्हाड केले त्यांची मुले चांगल्या शाळांत गेली, पुढे गेली. परंतु अनेक घरांत एका पिढीत कादोडी बोली गेली, दुसऱ्या पिढीत मराठी गेली. ज्यांनी पास काढला त्यांची बोली राहिली, मराठी मिस्सा राहिली, सण-लग्नांतली गाणी राहिली. गाडीच्या धक्क्यांत प्रकृती मात्र झिजली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या परिपत्रकात कामासाठी देश सोडण्याचा आणि परत येण्याचाही माणसाचा हक्क मान्य केला आहे. तसेच अशा जाण्याने मागे राहणाऱ्या समाजाची हानी होते, म्हणून ते काही अंशी अनिष्टच, प्रसंगी अटळ असे अनिष्ट, असेही म्हटले आहे. ते देशांतरासंबंधी बोलत होते. पापडीहून परळला जाण्याला देशांतर कोणी म्हणणार नाही. पण हानीचा हिशेब त्याच रीतीने करावयाचा असतो. दुष्काळाच्या काळात याकोबाचे सबंध घराणे धान्यासाठी मिसरात गेले, हे आपण पवित्र शास्त्रात वाचतो. ते मुलाबाळांसह, म्हाताऱ्या बापासह गेले, याकडे आमचे लक्ष अधिक जाते. १९७२ च्या दुष्काळात नगर-मराठवाड्याकडील आपले ख्रिस्ती बांधव मुंबई-पुण्याकडे निघाले, तेव्हा त्यांतील कित्येकांपुढे वाडीही नव्हती आणि पासही नव्हता. निवड करता येणे हीच मुळात एक संपत्ती आहे, आणि वसईला ती तिच्या जमिनीने दिली होती.

ती जमीन आता पूर्वीची राहिलेली नाही. १९८८ मध्ये शासनाने वसईच्या हरित पट्ट्यातील बांधकामाचे निर्बंध सैल केले, १९९० मध्ये सिडकोकडे नियोजन आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, तो या पानांच्या वाचकांस सांगावयास नको. लढ्याने पुष्कळ वाचले, पुष्कळ गेले. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली, म्हणजे १९११ च्या सबंध मुंबईहून अधिक. पास काढून ज्या वाड्या आपण राखल्या, त्यांतील बऱ्याच याच काळात इमारतींच्या पायांखाली गेल्या. विकणारा प्रत्येक जण लोभी होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोणाची विहीर खारी झाली होती, कोणाच्या पाच भावांत वाटण्या होऊन प्रत्येकाच्या वाट्यास चार सरी येत होत्या, आणि दोन नोकऱ्या करून वाडी राखणारी पिढी थकली होती.

१९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तोवर वसईचा ख्रिस्ती मुंबई महाधर्मप्रांतातच मोजला जाई. धर्मप्रांत वेगळा झाला त्याच सुमारास मुंबईची माणसे मात्र वसईत येऊन राहू लागली होती. गिरगाव, माझगाव, वांद्रे येथील खोली परवडेनाशी झालेली गोवेकर, मंगळूरकर, ईस्ट इंडियन कुटुंबे वसई रोड, नालासोपारा, विरार येथील इमारतींत घरे घेत आहेत. आपल्या धर्मग्रामांच्या कुटुंबनोंदवहीत आता चार-पाच भाषांतली आडनावे आहेत. रविवारी मराठी मिस्सेबरोबर इंग्रजी मिस्साही होते. ही नवी माणसे पहाटे उठून त्याच फलाटावर उभी राहतात आणि त्याच गाडीने चर्चगेटला जातात. त्यांना वाडी नाही, बावखल नाही. बँकेच्या कर्जाचा हप्ता आहे, आणि पास आहे.